जादूच्या गोष्टी आणि मुलांचे हात



शाळांना सुट्टी लागली की आमच्या वस्तीतल्या वाचनालयात आई-वडील मुलांचा हात धरून येतात आणि म्हणतात, "भाऊ, पोराला काहीतरी कामाचे पुस्तक द्या." कामाचे म्हणजे सामान्य ज्ञानाचे, इंग्रजी व्याकरणाचे, पाढ्यांचे. ही पुस्तके हवीतच. मी स्वतः दिवसभर कचेरीत आकडे जुळवणारा माणूस, पाढ्यांची किंमत मला कळते. पण आठ-दहा वर्षांच्या मुलाला मी त्याच्या जोडीला आणखी दोन पुस्तके देतो. एक हाताने वस्तू करायला शिकवणारे आणि दुसरे जादूच्या गोष्टीचे.

त्यावर पालकांचे दोन आक्षेप ठरलेले असतात. पहिला असा की, जादूच्या गोष्टी म्हणजे अंधश्रद्धाच की! आमच्या आई-बापांनी घरातले देव्हारे काढले, गळ्यातले ताईत तोडले, आणि आता नातवंडांच्या हातात तुम्ही परी आणि राक्षस देता? दुसरा आक्षेप त्याहून कडू असतो. हातकाम आमच्या बापजाद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केले, दोर वळले, केरसुण्या बांधल्या, कातडी कमावली. आता आमच्या पोराने फक्त पेन धरायचा. हे आक्षेप सोसलेल्या आयुष्यातून आलेले आहेत. त्यांना हसून उडवणे बरोबर नाही. म्हणून आजच्या सदरात माझ्या आवडीची काही पुस्तके सांगतो आणि सांगता सांगता या दोन्ही प्रश्नांना उत्तरही देतो.

पहिले नाव अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आयआयटीतून शिकलेला हा इंजिनियर पुण्यात टेल्को कंपनीत नोकरीला होता. १९७८ साली रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात गेले. तिथे खेड्यातल्या मुलांना प्रयोग करून विज्ञान शिकवण्याचा कार्यक्रम १९७२ पासून चालू होता. प्रयोगशाळेला पैसा नव्हता. तेव्हा गुप्तांनी सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी घेतली आणि काड्यापेटीतल्या काड्या घेतल्या. नळीचा छोटा तुकडा कापायचा, दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसायची, झाला सांधा तयार. यातूनच त्यांचे काडीच्या मॉडेलांचे पहिले पुस्तक १९८७ साली भोपाळच्या एकलव्य संस्थेने काढले. टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे 'कबाड़ से जुगाड़' हे हिंदी पुस्तकही तिथलेच. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तके 'अरविंद गुप्ता टॉइज' या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात. घरात एक मोबाइल असला तरी पुरे.

आता या काड्यांचे काय होते पाहा. चार काड्या आणि चार सांधे घेऊन मुलाला चौकोन करायला सांगा. बोटाने एका कोपऱ्यावर दाब दिला की तो कलतो. मग तीन काड्यांचा त्रिकोण करायला सांगा. कितीही दाबा, त्याचा आकार बदलत नाही. आता मुलाला रेल्वेचा पूल दाखवा, कारखान्याच्या पत्र्याखालची कैची दाखवा, विजेचा मनोरा दाखवा. सगळीकडे त्रिकोण! भूमितीच्या पुस्तकात जे पाठ करूनही ध्यानात राहत नाही, ते अर्ध्या तासात बोटांना कळते आणि बोटांकडून डोक्यात जाते. लहान मुले असतील तर काडीचे गूल आधी खरवडून टाका आणि कापायचे काम मोठ्यांनी करा, म्हणजे झाले.

दुसरे पुस्तक सुदर्शन खन्ना यांचे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकवणाऱ्या या माणसाने आपल्या देशातल्या जत्रांत आणि गल्ल्यांत विकली जाणारी, लोकांनीच घडवलेली खेळणी गोळा केली आणि ती कशी करायची ते चित्रांसह लिहिले. हिंदीत हे पुस्तक 'सुंदर सलौने भारतीय खिलौने' या नावाने नॅशनल बुक ट्रस्टने काढले आहे. कागद, काडी, दोरा, पान, माती एवढ्याच सामानावर भिरभिरणारी, वाजणारी, उडणारी खेळणी. जत्रेत भिरभिरे विकणारा माणूस आपल्यातलाच असतो. त्याच्या कारागिरीला डिझाइनच्या संस्थेतला प्राध्यापक विद्या म्हणतो, ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

आणि इथेच दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी केलेले काम हलके नव्हते. ते सक्तीचे होते, त्याला दाम नव्हता आणि ते करणाऱ्याला पाटीला हात लावायला बंदी होती, हा अन्याय होता. ज्याच्या हातात अवजार त्याला अक्षर नाही, आणि ज्याच्याकडे अक्षर त्याला अवजाराचा विटाळ. आपल्या मुलाच्या एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात कात्री असेल तर ती जुनी फाळणी मोडते. तो वस्तू करतो ती आपल्या मर्जीने, आणि तिच्यामागचे गणितही त्याचेच असते. घरात मुलगा असो की मुलगी, दोघांनाही सुई चालवता यावी आणि दोघांनाही हातोडी.

आता जादूकडे वळू. माझे सर्वांत आवडते पुस्तक म्हणजे 'पिनोकिओ'. इटलीतल्या कार्लो कोलोदी या लेखकाने ही गोष्ट १८८१ पासून मुलांच्या साप्ताहिकात लिहिली आणि १८८३ साली तिचे पुस्तक झाले. मराठीत तिची लहान-मोठी रूपांतरे आहेत. पुष्कळांना डिस्नेचा १९४० सालचा चित्रपटच माहीत असतो, पण मूळ गोष्ट वाचाल तर ती गरिबाच्या घरातली आहे. जेपेटो नावाचा म्हातारा लाकडाचा एक बाहुला घडवतो आणि तो बाहुला बोलू-चालू लागतो. या जेपेटोच्या घरात चूलसुद्धा भिंतीवर रंगवलेली! तिच्यातला जाळ रंगाचा आणि वर उकळणारे भांडेही रंगाचे. बाहुल्याला शाळेत जायचे तर कपडे हवेत. बाप फुलाफुलांच्या कागदाचा सदरा करतो, झाडाच्या सालीचे बूट करतो आणि पावाची टोपी करतो. राहिले अंकलिपीचे पुस्तक. त्याला पैसे नाहीत. बाहेर बर्फ पडत असताना म्हातारा अंगावरचा एकुलता एक कोट घेऊन जातो आणि पुस्तक घेऊन परत येतो. कोट कुठे, असे विचारल्यावर म्हणतो, फार उकडत होते म्हणून विकला.

हे वाचताना ज्याला आपला बाप आठवणार नाही, असा आपल्यात कोणी असेल असे मला वाटत नाही. आणि तो पोरगा काय करतो? कळसूत्री बाहुल्यांचा खेळ पाहण्यासाठी ते पुस्तक विकून टाकतो. मुले इथे हसत नाहीत, गप्प होतात. मग पुढे त्याच्या फजित्या, गाढव होणे, महाकाय माशाच्या पोटात बापाची भेट, अशी सगळी जादू येते. पण शेवट नीट वाचा. आजारी बापाला पेलाभर दूध मिळावे म्हणून हा बाहुला पहाटे उठून रहाटाने पाणी ओढतो. लव्हाळ्याच्या टोपल्या विणायला शिकतो. बापाला फिरवून आणण्यासाठी स्वतःच्या हाताने छोटी गाडी तयार करतो. रात्री काडीला टोक करून, फळांच्या रसाची शाई करून लिहायचा सराव करतो. नव्या कोटासाठी साठवलेली नाणी आजारी परीसाठी देऊन टाकतो. एवढे सगळे झाल्यावर एका सकाळी तो लाकडाचा राहत नाही, माणूस होतो. या गोष्टीत मंत्र म्हणून काही मिळत नाही. मेहनत, अभ्यास आणि माया यांच्यानंतर जादू येते. याहून कामाचे पुस्तक मला तरी माहीत नाही.

दुसरी गोष्ट चीनमधली, जादूच्या कुंचल्याची. हाँग श्युनताओ या लेखकाने १९५० च्या दशकात ती लिहिली आणि अनेक देशांत मुलांसाठी तिची पुस्तके निघाली. मा लियांग हा पोरका मुलगा लाकडे तोडून, गवत कापून पोट भरतो. त्याला चित्रे काढायची असतात, पण कुंचला घ्यायला पैसा नाही. तो वाळूत काटकीने काढतो, दगडावर ओल्या बोटाने काढतो. मग एक म्हातारा त्याला कुंचला देतो आणि त्याने काढलेले प्रत्येक चित्र खरे होते. हा मुलगा स्वतःसाठी महाल काढत नाही. ज्याच्याकडे नांगर नाही त्याला नांगर काढून देतो. सावकार त्याला कोंडतो, राजा त्याच्याकडे सोने मागतो, पण तो वाकत नाही. तुमच्या मुलाला एवढेच विचारा, "तुझ्याकडे असा कुंचला असता तर आपल्या गल्लीसाठी काय काढले असतेस?" मी आमच्या मुलांना विचारले तेव्हा पहिले उत्तर आले, "नळ." मुले स्वप्न पाहतात तेही डोळे उघडे ठेवून.

तिसरी गोष्ट खरी आहे. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला अणुबॉम्ब पडला तेव्हा सादाको सासाकी दोन वर्षांची होती. पुढे तिला रक्ताचा कॅन्सर झाला. कागदाचे हजार करकोचे घडले की इच्छा पुरी होते, अशी जपानात समजूत आहे. दवाखान्यातल्या खाटेवर बसून ती औषधाच्या पुड्यांच्या कागदांचे करकोचे घडू लागली. २५ ऑक्टोबर १९५५ ला, वयाच्या बाराव्या वर्षी ती गेली. एलिनॉर कोअर या लेखिकेने १९७७ साली इंग्रजीत तिच्यावर छोटे पुस्तक लिहिले. त्यात ६४४ करकोचे झाल्यावर ती गेली असे आहे. प्रत्यक्षात तिने हजारांहून अधिक घडले होते, असे तिच्या भावाने सांगितले आहे. ही गोष्ट मुलांपासून लपवू नका. करकोच्यांनी ती वाचली नाही, कारण कागदाने आजार जात नाही, त्याला डॉक्टरच लागतो. पण तिच्या वर्गातल्या मुलांनी वर्गणीची हाक दिली, जपानभरच्या शाळांनी पैसे पाठवले आणि १९५८ साली हिरोशिमात मुलांचे शांतिस्मारक उभे राहिले. जगभरची मुले आजही तिथे कागदी करकोचे पाठवतात. चौकोनी कागद घेऊन एक करकोचा घडायला शिका. सारी कारागिरी घड्यांची, ना कात्री, ना डिंक.

आता पहिल्या आक्षेपाचे उत्तर. गोष्टीतली जादू आणि बुवाची जादू यांत फरक आहे. गोष्ट सुरुवातीलाच सांगते की ही गोष्ट आहे. ती दक्षिणा मागत नाही, धाक घालत नाही. बुवा मात्र खोटे खरे म्हणून विकतो. महाराष्ट्रात २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदा या लुबाडणुकीविरुद्ध आहे, गोष्टीतल्या परीविरुद्ध नाही. आपल्या जातककथाच पाहा ना. पाली भाषेतल्या त्या ५४७ कथांत हत्ती, माकडे, हंस, कासवे सगळी बोलतात. ऐकणारे कोणतेही मूल उद्या कासवाकडे भविष्य विचारायला जात नाही. फार बोलण्याने कासवाचा जीव गेला, एवढे मात्र जन्मभर विसरत नाही. दुर्गा भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने सात खंडांत त्या मराठीत आणल्या आहेत. खंड मोठे आहेत, म्हणून मोठ्यांनी वाचावे आणि मुलांना सांगावे. मग जमेल तेव्हा अजिंठ्याला जा. १७ क्रमांकाच्या लेण्यात सहा सुळ्यांच्या छद्दन्त हत्तीची गोष्ट भिंतीवर रंगवलेली आहे. खडबडीत दगडावर मातीचा गिलावा करून त्यावर ती उतरवणारे हात कारागिरांचे होते. गोष्ट आणि हात यांची जोडी आपल्याकडे अशी दीड हजार वर्षांची आहे.

पुस्तके मिळवायची कशी? जवळच्या सार्वजनिक वाचनालयात बालविभाग आहे का ते विचारा, नसेल तर लेखी मागणी करा. चार घरांनी मिळून चार पुस्तके घेतली तर प्रत्येक घराला चारही वाचायला मिळतात. ६ डिसेंबरला दादरला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरला आपण जातो आणि पिशव्या भरून पुस्तके आणतो. ज्या बाबासाहेबांनी पुस्तकांसाठी राजगृह बांधले, त्यांच्या लेकरांना हे शोभतेच. यापुढे त्या पिशवीत मोठ्यांच्या पुस्तकांसोबत मुलांसाठी एक गोष्टीचे आणि एक हस्तकलेचे पुस्तक असू द्या.

ज्या आईला वाचता येत नाही तिने मुलाला मोठ्याने वाचायला सांगावे आणि भाजी निवडता निवडता ऐकावे. मध्येच विचारावे, "मग पुढे काय झाले?" मुलाला तेवढे पुरते. बापाने रविवारी अर्धा तास काड्या आणि नळी घेऊन खाली बसावे. घरात थोडा कचरा होईल, तो नंतर सगळ्यांनी मिळून काढावा.

जयभीम.