‘बाहेरचे’ म्हणजे नेमके कोण?

जालन्याच्या एमआयडीसीत लोखंड वितळवणाऱ्या भट्टीसमोर घाम गाळणारा बिहारी किंवा ओडिया कामगार ‘बाहेरचा’ असतो. त्याला खोली भाड्याने देणारे घरमालक ‘गावचे’. मग त्यांचे पणजोबा राजस्थानातून का आलेले असेनात.

जालना घडलंच मुळी आलेल्यांच्या हातून. निजामाच्या राजवटीत इथे कापसाची पेठ वाढली, तिच्या ओढीने मारवाडी व्यापारी आले आणि पेढ्या टाकून इथलेच झाले. 1803 मध्ये जवळच्याच असईला मराठे आणि इंग्रज भिडले. पुढे जालन्यात फौजेची छावणी पडली, आणि छावणीमागोमाग नाना प्रांतांची माणसं. जन्माने ब्राह्मण असलेले ख्रिस्ती धर्मोपदेशक रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात निजाम सरकारकडून जमीन मिळवली आणि शहरालगत बेथेल नावाचं अख्खं गाव वसवलं. हिंगोलीत जन्मलेल्या बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली. 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा ते आपल्याकडचे की बाहेरचे, असा प्रश्न एकाही जालनेकराला पडला नाही. यशस्वी माणसाचं मूळ गाव कुणी शोधत बसत नाही!

सणांच्या बाबतीत हे शहर उलट मोठ्या मनाचं. धुळवडीला निघणाऱ्या ‘हत्ती रिसाला’ मिरवणुकीला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे. हत्तीवर बसलेला राजा गर्दीवर रेवड्या उधळतो आणि रेवडी झेलणाऱ्याची जात, भाषा, जिल्हा कुणी विचारत नाही. आषाढीला आनंदी स्वामींच्या यात्रेतली गर्दीही तशीच सरमिसळ. अडचण सण संपल्यावर सुरू होते. परप्रांतीय कामगाराचं पोर शाळेत जातं का, त्याच्या घरी रेशन पोहोचतं का, याची नोंद ठेवायला मग कुणी पुढे येत नाही.

एवढी बेफिकिरी या जिल्ह्याला तरी शोभत नाही, कारण जालना नुसता माणसं घेत नाही, पाठवतोही. दिवाळीच्या सुमारास मंठा, घनसावंगी, अंबड, भोकरदनकडच्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल अंगावर, लेकरं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाशेजारी कोपी पडते आणि चार-पाच महिने तेच घर. नवरा-बायको मिळून एक कोयता, असा तिथला हिशेब. त्या गावांच्या लेखी जालन्याची ही माणसं ‘बाहेरची’च. पाण्याच्या हंड्यावरून तिथे ऐकावे लागणारे टोमणे आपल्याच बायाबापड्यांना बसतात, हे आपल्या दारच्या ओडिया कामगाराशी बोलताना कुणाला आठवत नाही.

हा विसराळूपणा जालन्याचाच, असं नाही. पूर्व इंग्लंडमध्ये लिंकनशायरमधलं बोस्टन हे भाजीपाल्याच्या शेतीचं गाव. कोबी काढायला आणि भाज्या बांधायला तिथे पोलंड, लिथुआनियातून हजारो मजूर आले. शेती चालली, पण दवाखाने, शाळा, घरं यांची सोय वेळेत वाढली नाही. राग साचत गेला आणि 2016 च्या सार्वमतात तिथल्या सुमारे 75 टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. देशातला तो सर्वांत मोठा कौल होता. कामाला माणूस हवा, शेजारी म्हणून नको, या हिशेबाची किंमत शेवटी अख्ख्या गावाला मोजावी लागते.

आपल्याकडे निदान कागदावर तरी सोयी आहेत. एक देश एक रेशनकार्ड योजनेत परराज्यातल्या कुटुंबालाही इथल्या दुकानातून धान्य घेता येतं. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत. अडतं ते नोंदीपाशी. कोण आलं, कोण गेलं, याची वही ग्रामपंचायतीने ठेवली, तर निम्मं काम होईल. पोलिसांकडच्या भाडेकरूंच्या नोंदीवर ते भागणार नाही.

1 मे हा कामगार दिन, महाराष्ट्र दिन आणि 1981 मध्ये स्थापन झालेल्या जालना जिल्ह्याचा वाढदिवसही. त्या दिवशी ग्रामसभा भरते. सरपंचांनी येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर आलेल्या आणि गेलेल्या, दोन्ही कुटुंबांची नोंद हा विषय घ्यावा, आणि त्या सभेला भट्टीवरच्या कामगारांनाही बोलवावं.