गावची कचेरी : जागा कुणाची, पैसा कुणाचा?



घर पाहावं बांधून अन् लग्न पाहावं करून, असं आपल्यात म्हणतात. गावच्या कचेरीचेही तसेच आहे. सोलापूर जिल्ह्यात 11 तालुके आणि हजारावर ग्रामपंचायती. कुणाची इमारत नवी, कुणाचा कारभार जुन्या चावडीत, तर कुणाचा उसन्या खोलीत. गावात कचेरी बांधायचा विषय निघाला की 'निधी कोण आणणार?' एवढीच चर्चा होते. आमच्या मते विचारायचे प्रश्न आणखी आहेत.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शेतसाऱ्याच्या रुपयामागे 20 पैसे जिल्हा परिषदेचा उपकर त्या कायद्याने बसवला. म्हणजे या संस्थांच्या भांडवलात शेतकऱ्याचा पैसा पहिल्यापासून आहे. ग्रामपंचायतींचेही तेच. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातील 100 रुपयांमागे 25 पैसे जिल्हा ग्रामविकास निधीत भरायचे आणि त्या निधीतून ग्रामपंचायतींनी कामांसाठी कर्ज घ्यायचे, अशी सोय 1958 च्या कायद्यात आहे. ही एक प्रकारची सहकारी पेढीच झाली. पण आपल्या गावाने किती भरले आणि कधी कर्ज मागितले, हे ग्रामसभेत विचारतो कोण?

स्वतःची इमारत नसलेल्या गावांसाठी शासनाने 2018 साली मातोश्री ग्रामपंचायत बांधणी योजना काढली. 1,000 पर्यंत लोकसंख्येच्या गावाला इमारतीचा खर्च 12 लाख धरला. त्यात 90 टक्के शासनाचे आणि 10 टक्के, म्हणजे 1 लाख 20 हजार, गावाचे. 1,000 ते 2,000 लोकसंख्येला खर्च 18 लाख धरला आणि गावाचा वाटा 15 टक्के, म्हणजे 2 लाख 70 हजार. त्याहून मोठ्या गावांनी खासगी भागीदारीतून इमारत उभी करावी, असा त्या निर्णयाचा रोख होता. नीरा-भीमेच्या काठची आपली ऊसवाली गावे बहुतेक याच मोठ्या मापातली. म्हणून हा विषय आम्ही इथे घेतला.

खासगी भागीदारीचा अर्थ सरळ आहे. जागा गावाची, पैसा ठेकेदाराचा. तो मागे किंवा वरच्या मजल्यावर कचेरी बांधून देतो आणि रस्त्यालगतचे गाळे ठरलेल्या मुदतीपर्यंत त्याच्या हाती राहतात. वरवर पाहता इमारत फुकट मिळाली असे वाटते. पण फुकट काही नसते, बापहो! रस्त्याकडेचा तुकडा म्हणजे गावाचे बागायत रान. ते वीस-तीस वर्षे दुसऱ्याच्या खंडात गेले, तर आज जन्मलेले पोर हाताशी आल्यावरच त्याचे भाडे गावाला मिळणार. ज्या गावाला दुसरा मार्गच नाही, त्याने हा मार्ग जरूर धरावा. पण मुदत किती, भाडे कुणाला आणि मुदतीअंती इमारत कोणत्या स्थितीत परत येणार, हे करारात लिहून घ्यावे आणि तो करार ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावा.

दुसरी गोष्ट जागेची. गायरान दिसले की तिथे पाया खोदायचा, हा जुना खाक्या आता चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालानंतर राज्य शासनाने 12 जुलै 2011 रोजी गायरानाच्या वापरावर कडक बंधने घातली. सार्वजनिक कामालाही रीतसर मंजुरी लागते. तेव्हा आधी उतारा, मग आराखडा, मग नारळ.

तिसरी गोष्ट देखभालीची. बांधायला अनुदान मिळते, पण गळके छप्पर दुरुस्त करायला मिळेलच असे नाही. 2021 ते 2026 या काळातल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातही 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवले होते, आणि उरलेल्यातून पगार किंवा आस्थापनेचा खर्च करायला मनाई होती. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली हीच गावाची खरी मिळकत. ती थकवून 'ग्रामपंचायत काय करते?' म्हणणे आपल्याला शोभत नाही.

आपल्याला हे नवे नाही. 1950 साली प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्यांनी आधी भागभांडवल गोळा केले म्हणून. पुढे सरकार आले, कर्ज आले. कारखाना आपल्या भागाचा आणि ऊस बिलातल्या कपातीचा, म्हणून आपण वार्षिक सभेत ताळेबंदावर तावातावाने बोलतो. मग ग्रामसभेत मुके का होतो? तिथेही आपलाच पैसा आहे.

आमचे सांगणे एवढेच. गावाने दरवर्षी इमारत निधी म्हणून थोडी रक्कम बाजूला काढावी, म्हणजे गावाचा वाटा हाती तयार राहील. तलाठी आणि ग्रामसेवक एकाच छपराखाली बसतील असा आराखडा करावा, म्हणजे उताऱ्यापायी शेतकऱ्याचा दिवस मोडणार नाही. आणि रस्त्याकडेची जागा हातची सोडण्यापूर्वी दहादा विचार करावा. येत्या ग्रामसभेला, मग लागणीची घाई असो की तोडणीची, घरटी एक माणूस तरी हजर राहावा.