लिलावांतील लक्ष्मी

जुन्या वाड्यांतील सामान विकावयास निघालें, कीं आमचे पाय आपोआप तिकडे वळतात, हें आमच्या घरीं सर्वांस ठाऊक आहे. गेल्या वैशाखांत अशाच एका लिलावांत शिसवी चौकटींतील लक्ष्मीचें चित्र पुढें आलें. खालीं राजा रविवर्म्यांची सही स्पष्ट दिसत होती. समोरचे एक गृहस्थ बोली चढवीत होते (ते विकणाराचेच मनुष्य असावेत, अशी शंका आम्हांस मागाहून आली), आणि आम्हीही हट्टास पेटलों. 'तीन वार' झालें तेव्हां चित्र चार हजार रुपयांस आमच्या गळ्यांत पडलें होतें. आणि ते रुपये घर शाकारण्यासाठीं ठेवलेल्या सामाईक पैशांतले! वडील बंधूंस विचारण्याचें भानच राहिलें नाहीं.

घरीं पुतण्यानें चित्रास भिंग लावलें आणि मुकाट्यानें तें आमच्या हातीं दिलें. सारें चित्र एकसारख्या, रांगेनें मांडलेल्या ठिपक्यांचें! अलीकडची छपाई जुन्या चौकटींत बसविलेली. चौकट तेवढी खरी.

वाचकहो, हा भेद एकदां नीट पाहून ठेवा. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ सालीं मुंबईत निघाला व पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. तेथें प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड असे, आणि कारागीर त्यावर हातानें ठिपके देत. हातचे ठिपके लहानमोठे, कोठें दाट, कोठें विरळ असावयाचेच. यंत्राचे मात्र कवाइतीस उभे केल्यासारखे. सहीवर विसंबूं नये. मूळ चित्रावरची सही नकलेवर उमटते, तशी नकलेच्या नकलेवरही उमटतेच. समासांत छापखान्याचें नांव असतें खरें. परंतु चौकटींत बसवितांना कित्येकांनीं समास कापून टाकले, तेव्हां नांव नाहीं म्हणून चित्र खोटें, असेंही नव्हे. किंमतीचें म्हणाल, तर हीं चित्रें मुळांतच घरोघर जावीं म्हणून छापलेलीं. केवळ जुनेपणानें तीं दुर्मिळ होत नाहींत. रंग टिकलेला, कसर न लागलेली, समासासह पुरी प्रत असेल, तिलाच मोल. कांहींवर हौसेनें जरीटिकल्या लावून देवीचें लुगडें सजविलेलें असतें. तशीं चित्रें संग्राहक आवर्जून शोधतात.

पुतण्याचें भिंग मग माजघराकडे वळलें. तेथें धुरानें काळवंडलेली, कांच तडकलेली सरस्वती आमच्या आजोबांपासून टांगलेली आहे. आम्हीच ती दोनदां भंगारांत काढली होती, आणि दोन्ही वेळां गृहिणीनें परत लावली. ठिपके वेडेवांकडे दिसले. मागची फळी काढली, तों आंत दुमडलेल्या समासावर रविवर्मा प्रेस, कारला-लोणावळा हीं इंग्रजी अक्षरें!

दादांस सारें सांगणें भाग होतें. ते रागावले नाहींत. लक्ष्मीची कांच सरस्वतीस बसेल कीं काय, एवढें त्यांनीं पट्टीनें मोजून पाहिलें. बसली.

श्रावणांत ओटी गळूं लागली, तेव्हां धारेखालीं पातेलें नेऊन ठेवण्याचें काम कोणी न सांगतां आम्हीच पत्करलें.