त्या खिडकीवर कोण बसणार?

बँकेत अधिकारी असताना एका खात्याचे प्रकरण माझ्याकडे आले होते. दोन पुरुष, उभा जन्म एकाच घरात काढलेले. नॉमिनीच्या फॉर्मवर ‘नाते’ या रकान्यात ‘मित्र’ असे लिहिलेले. त्यांतले एक वारले, तेव्हा दुसऱ्यांच्या हाती मी रक्कम दिली. पंधरवड्यात मृताचा पुतण्या वकील घेऊन हजर! मृत्युपत्र नव्हते, त्यामुळे कायद्याने त्याचेच बरोबर होते. नॉमिनी केवळ पैसे स्वीकारणारा, मालकी वारसाची. आणि वारसांच्या यादीत ‘मित्र’ बसत नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचा प्रश्न संसदेकडे सोपवला, तेव्हा ते गृहस्थ मला आठवले. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

न्यायालयाचे अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही. विवाह म्हटला की वारसा, दत्तक, पोटगी, पेन्शन सारेच आले. एवढी घडी एका निकालाने बसत नाही; ते कायदेमंडळाचेच काम. पण ते करायचे कोणी? २०१३ मध्ये ३७७ कलमाचा प्रश्नही न्यायालयाने असाच संसदेवर सोडला होता. डिसेंबर २०१५ मध्ये शशी थरूर यांचे खासगी विधेयक लोकसभेने ७१ विरुद्ध २४ मतांनी मांडूसुद्धा दिले नाही. अखेर २०१८ मध्ये न्यायालयालाच पाऊल उचलावे लागले. एप्रिल २०२२ मध्ये सुप्रिया सुळे यांनी समलिंगी विवाहासाठी विधेयक मांडले, त्याचाही कायदा झाला नाही.

‘समाज अजून तयार नाही’ हे उत्तर जुनेच आहे. हिंदू कोड बिल रखडले आणि १९५१ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मंत्रिपद सोडले. तरी १९५४ चा विशेष विवाह कायदा आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा संसदेनेच केला. समाजाची वाट पाहत ती बसली नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने खुलासा केला, की समलिंगी जोडीदारांना संयुक्त खाते उघडण्यास वा एकमेकांना नॉमिनी करण्यास आडकाठी नाही. चांगलेच झाले. पण नुसत्या नॉमिनीच्या हाती काय उरते, ते मी पाहिले आहे.

गिऱ्हाइकाला दुसऱ्या खिडकीवर पाठवताना तिथे माणूस बसला आहे ना, हे आम्ही आधी बघत असू. न्यायालयाने खिडकी दाखवली आहे. तिथे बसण्यासाठी आपण माणसे निवडून दिली आहेत. त्यांना हा प्रश्न विचारणे आपल्याच हाती आहे.