आधी दवाखाना, की आधी एकी?



'आपण साऱ्या बाया एक' ही घोषणा आपल्या चळवळीनं अनेक मोर्च्यांत दिली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा नुसत्या घोषणेनं एकी होत नाही हे आपल्याला कळून चुकलं. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दोन महिन्यांत ९०० माणसं मेली. त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते. बायका त्यात बळी गेल्याच, पण काही ठिकाणी त्या जमावातही होत्या. तेव्हापासून मिश्र वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येक संघटनेपुढे एक प्रश्न उभा आहे. मनं दुभंगलेली असताना कामाला हात कुठून घालायचा? सलोख्याच्या सभेपासून, की बाईच्या रोजच्या गरजेपासून?

नेमक्या त्याच महिन्यांत बोस्नियातल्या काही बायका याच प्रश्नाशी झुंजत होत्या. त्यांच्याकडून आपल्याला शिकण्यासारखं खूप आहे.

बोस्नियात मुस्लिम, सर्ब आणि क्रोएट पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिलेले. भाषा जवळजवळ एकच, आपसांत लग्नंही होत. एप्रिल १९९२ मध्ये तिथं युद्ध सुरू झालं आणि १९९५ च्या अखेरीपर्यंत सुमारे एक लाख माणसं मेली. बलात्कार हे या युद्धातलं हत्यारच होतं. अत्याचार झालेल्या स्त्रियांचा आकडा वीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान सांगितला जातो. सगळ्या बाजूंच्या स्त्रियांवर अत्याचार झाले, पण सर्वात जास्त झळ मुस्लिम स्त्रियांना बसली. परदेशी पत्रकार येत, बायकांच्या कहाण्या टिपून घेत आणि निघून जात. त्या बाईच्या अंगावरच्या जखमेचं काय, तिच्या पोटातल्या गर्भाचं काय, तिनं रात्री झोपायचं कुठं, हे विचारायला कुणी थांबत नव्हतं.

मोनिका हाउझर ही जर्मनीत काम करणारी तरुण स्त्रीरोगतज्ज्ञ डिसेंबर १९९२ मध्ये झेनित्सा या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरात पोचली. तिला तिथं डॉक्टर, मानसोपचार जाणणाऱ्या, परिचारिका अशा स्थानिक बायका भेटल्या. त्यांनी मिळून एप्रिल १९९३ मध्ये 'मेडिका झेनित्सा' हे केंद्र उघडलं. एकाच छपराखाली स्त्रीरोगाचा दवाखाना, समुपदेशन, राहायची सोय आणि मुलांची देखभाल. पुढं गाडीतून फिरता दवाखानाही सुरू झाला, कारण निर्वासितांच्या छावणीतली बाई शहरापर्यंत येऊ शकत नव्हती.

महिना ध्यानात घ्या. त्याच एप्रिलमध्ये मध्य बोस्नियात क्रोएट आणि मुस्लिम या कालपर्यंतच्या दोस्तांमध्येच लढाई जुंपली. झेनित्सापासून जवळच असलेल्या अहमिची गावात १६ एप्रिलला शंभरावर मुस्लिमांची कत्तल झाली. आणि मेडिकात मुस्लिम बायका बहुसंख्य असल्या, तरी सर्ब आणि क्रोएटही होत्या, मिश्र लग्नांतल्याही होत्या. बाहेर ज्यांचे भाऊ एकमेकांवर बंदुका रोखून उभे, त्या आत एकाच टेबलाशी काम करत होत्या.

हे त्यांना जमलं कसं? ब्रिटिश अभ्यासक सिंथिया कॉकबर्न यांनी बोस्निया, उत्तर आयर्लंड आणि इस्राएलमधल्या अशा तीन गटांवर १९९८ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यातून दिसतं ते असं, की या बायकांनी आपल्यातले भेद नाकारले नाहीत. पण एखादीच्या नावावरून तिचं राजकारण काय असेल हे गृहीत धरायचं नाही, आणि तिच्या जमातीनं केलेल्या पापाचा जाब तिला विचारायचा नाही, हे त्यांनी पाळलं. कुठल्या विषयावर आज बोलायचं आणि कुठला काही दिवस बाजूला ठेवायचा, याचंही भान ठेवलं. त्यांची एकी भाषणातून आली नाही. दवाखान्यात रोज बाई येत होती, तिला रोज तपासायचं होतं, त्या कामातून ती घडत गेली.

यातून आपण काय घ्यायचं? पहिली गोष्ट, 'सेवा की संघर्ष' हा आपला जुना वाद. दवाखाना काढला की चळवळ बोथट होते, असं आपल्यातल्या बऱ्याच जणींना वाटतं. मेडिकाचा अनुभव उलट आहे. युद्ध संपल्यावर त्यांच्या दारात घरातल्याच पुरुषाच्या हातून मार खाणाऱ्या बायका येऊ लागल्या, आणि घरगुती हिंसेचा प्रश्न त्यांनी उघडपणे हाती घेतला. अत्याचारित स्त्रियांना कायद्यानं युद्धबळींचा दर्जा मिळावा म्हणून बोस्नियातल्या संघटना लढल्या, आणि २००६ मध्ये देशाच्या एका भागात तो मिळाला. नाडी तपासणारा हात निवेदनही लिहू शकतो.

दुसरी गोष्ट, दवाखान्याच्या नोंदवहीची. फुरुंजिया खटल्यात १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढं मेडिकातल्या उपचारांची कागदपत्रं ओढली गेली. या साक्षीदार बाईला मानसिक आघात झालाय, तेव्हा तिची आठवण विश्वासार्ह नाही, असा बचाव पक्षाचा दावा होता. न्यायालयानं तो फेटाळला. आघात झालेली बाईही विश्वासू साक्षीदार असू शकते असं म्हटलं आणि आरोपीला शिक्षा झाली. पण मदतीसाठी लिहिलेला कागद बाईच्याच विरुद्ध वापरला जाऊ शकतो, हा धडा विसरण्याजोगा नाही. काय लिहायचं, कुणाच्या संमतीनं लिहायचं, किल्ली कुणाकडे, हे पहिल्या दिवशीच ठरवायला हवं.

तिसरी गोष्ट सर्वात अवघड. एकी म्हणजे 'दोन्ही बाजू सारख्याच' असं म्हणणं नव्हे. ज्या जमातीनं जास्त सोसलं तिला ते म्हणायची मुभा हवी, आणि बहुसंख्य जमातीतल्या बायकांनी ते ऐकायची तयारी ठेवायला हवी. आपल्या केंद्राच्या सुट्ट्या कुणाच्या सणांच्या? फळ्यावरची भाषा कुणाची? डॉक्टर, हिशेब ठेवणारी आणि निर्णय घेणारी एकाच समाजाची, आणि दुसऱ्या समाजाची बाई फक्त पेशंट म्हणून येणारी, असं असेल तर तिथं एकी नाही, उपकार आहेत.

हा प्रश्न दूरदेशीचा नाही. मणिपूरमध्ये मे २०२३ पासून हिंसा उसळली तेव्हा कुकी-झो पेशंटला इंफाळच्या मोठ्या रुग्णालयांत जाता येईना, आणि मैतेईंना डोंगराळ जिल्ह्यांत पाऊल टाकता येईना. समाज फाटतो तेव्हा दवाखानाही फाटतो, आणि अडलेली बाळंतीण मधल्या रस्त्यावर राहते.

आपल्याकडे पायाभरणी झालेली आहे. या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'सेहत' आणि महापालिका यांनी मिळून 'दिलासा' केंद्र उभं केलं, सरकारी दवाखान्याच्या आतच, जिथं कुठल्याही वस्तीतली बाई केसपेपर काढून येऊ शकते. बलात्कारित स्त्रीवर कुठल्याही सरकारी वा खाजगी रुग्णालयानं ताबडतोब मोफत उपचार केलेच पाहिजेत, असा कायदा २०१३ पासून आहे. तो किती दवाखान्यांत पाळला जातो, हे आपापल्या तालुक्यात जाऊन पाहणं हे तुमचं-आमचं काम.

म्हणून ज्या गटांचा मिश्र वस्तीत दवाखाना काढायचा विचार चालला आहे, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: सगळ्यांची मनं जुळेपर्यंत थांबू नका. आठवड्यातून एक दिवस, एक खोली, एक डॉक्टर, आणि दोन्ही मोहल्ल्यांतल्या दोन-दोन कार्यकर्त्या, एवढ्यावर सुरुवात होते. मात्र त्या चौघींना पहिल्या दिवसापासून सारखा अधिकार द्या, मतभेद झाले तर ते लपवू नका, आणि दंगलीची अफवा उठेल त्या दिवशी दार उघडं ठेवायचं कसं, हे आजच बसून ठरवा. दवाखान्याची खरी परीक्षा त्याच दिवशी असते.