तबकडी, बाजार आणि साधना

पैशाचा स्पर्श झाला की कला बाटते, असे मानणारा एक वर्ग आपल्या समाजात आहे. आणि जे खपते तेच श्रेष्ठ, असे मानणारा दुसरा वर्ग अलीकडे झपाट्याने वाढला आहे. हिंदुस्थानी संगीताचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोघांनाही खोटे पाडतो.

१९०२ मध्ये कोलकात्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि गाणे विक्रीची वस्तू बनले. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे! तासभर फुलणारा ख्याल त्यात मावावा कसा? शिवाय घराण्याची विद्या चोरीस जाईल, ही धास्ती होतीच. अनेक बुजुर्गांनी यंत्राकडे पाठ फिरविली. त्यांचा बाणा आदरणीय खरा, पण त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांना घडविणारे भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. त्यांचे गाणे आज शिष्यांच्या गळ्यावरूनच ताडावे लागते.

याउलट अब्दुल करीमखाँ यांनी तबकड्या दिल्या. त्यांतील एक गदगच्या एका शाळकरी मुलाच्या कानी पडली आणि १९३३ मध्ये तो गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. कंपनीने ती तबकडी नफ्यासाठीच काढली होती, हे विसरून चालणार नाही.

मूळच्या गोव्याच्या केसरबाई केरकर यांचा मार्ग निराळा. त्यांनी मोजक्या तबकड्या दिल्या. मैफलीत मात्र ध्वनिमुद्रणास सक्त मनाई. बाजाराला किती द्यायचे, हे त्यांनी स्वतः ठरविले. त्या मोजक्यांतलीच एक भैरवी १९७७ मध्ये ‘व्हॉयेजर’ यानांतून अंतराळात गेली.

आज तबकडी गेली, कॅसेटही गेली. भ्रमणध्वनीवरील अर्ध्या मिनिटाच्या तुकड्याला किती लाख लोकांनी पाहिले, यावरून तरुण गायकाची योग्यता ठरते. तीन मिनिटांच्या तबकडीतही रागाचे रूप उभे करण्यासाठी आधी वीस-वीस वर्षांची तालीम लागत असे. या तुकड्यांमागे ती किती उरली आहे?

या संदर्भात संघ स्वयंसेवक सुधीर फडके यांचे जीवन पाहण्यासारखे आहे. एच.एम.व्ही. कंपनीतून १९४१ मध्ये कारकीर्द सुरू करणाऱ्या बाबूजींना व्यवसायाचे वावडे नव्हते. मात्र १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामासाठी निधी हवा होता, तेव्हा त्यांच्या पुढाकाराने पुण्यात लता मंगेशकर यांचा कार्यक्रम झाला आणि गाण्याचा पैसा त्या लढ्याच्या कामी आला. लोकप्रियतेच्या शिखरावरही त्यांनी हा हिशेब बदलला नाही. सावरकरांवरील चित्रपटासाठी ते लोकवर्गणी मागत वर्षानुवर्षे फिरले. २००१ मध्ये तो पडद्यावर आला. पुढच्याच वर्षी बाबूजी गेले.