लिचेट गाळले म्हणजे संपले नाही

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका



देवनारच्या डंपिंग ग्राउंडवर 1927 पासून मुंबईचा कचरा साठत आला आहे. तळाला अस्तर नाही, त्यामुळे ढिगातून झिरपणाऱ्या काळ्या लिचेटची वाट ठाणे खाडीकडेच जाते. आणि ही खाडी 2022 पासून रामसर क्षेत्र आहे. जुना कचरा उपसून जमीन मोकळी करायचे पालिकेने ठरवले आहे, ते योग्यच. मात्र लिचेटमधली विषारी सेंद्रिय रसायने पाण्यातून नुसती बाजूला काढली म्हणून कंत्राटदाराचे बिल मंजूर करू नका. ती नष्ट झाल्याचा हिशेब मागा.

ताज्या कचऱ्याचे लिचेट जिवाणूंना पचते. त्याचा बीओडी (जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) सीओडीच्या (रासायनिक ऑक्सिडीकरणाला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या) निम्म्याहून अधिकही असतो. जुन्या ढिगात हेच प्रमाण एक दशांशाच्या खाली येते. मागे राहतात ह्युमिक आम्ले, फिनॉलवर्गीय संयुगे, प्लास्टिकमधून सुटलेली थॅलेट्स. हवा खेळवलेल्या टाकीत जिवाणू त्यांना फारसा हात लावत नाहीत. बीओडीची चाचणी तर जिवाणूंनी खाल्लेलेच मोजते, म्हणजे जे सर्वांत चिवट तेच तिच्यातून निसटते! सीओडीत ते सापडते, पण नेमके कोणते रसायन हे कळत नाही. आरओ लावला की पाणी नितळ निघते आणि सगळे विष उरलेल्या दाट पाण्यात जमते. ते पुन्हा ढिगावर सोडले, तर कागदोपत्री प्रक्रिया पूर्ण आणि विष जागच्या जागी. फेंटन प्रक्रियेत पीएच 3 च्या आसपास आणून लोहक्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. त्यातून तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक हे चिवट रेणू तोडतात आणि तुकडे जिवाणूंना पचू लागतात. पीफास ही फ्लोरिनयुक्त रसायने मात्र यालाही दाद देत नाहीत. ती कार्बनवर शोषून घेऊन, तो कार्बन अतिउच्च तापमानाला जाळावा लागतो.

फेंटन प्रक्रिया महाग आहे, तिच्यात लोहाचा गाळही निघतो, हा आक्षेप खराच. म्हणून ती सगळ्या पाण्यावर नको. जैविक प्रक्रियेनंतर जे उरेल तेवढ्यावरच करा, आणि क्षारांनी फेंटनचा जोर घटतो म्हणून आधी देवनारच्याच लिचेटवर चाचणी घ्या. पावसाळ्यात लिचेट पातळ होते, हेही ऐकू येते. लिटरमागचे प्रमाण घटते, पण लिटर वाढतात. खाडीला मिळतात ते एकूण किलो. आणि ढीगच हटणार तर खर्च कशाला, असे म्हणणाऱ्यांनी उपसा सुरू असताना उघड्या पडलेल्या कचऱ्यात पाऊस किती शिरतो ते पाहावे. म्हणून कंत्राटात थॅलेट्स, फिनॉल आणि पीफास यांची आत येणारी, बाहेर जाणारी आणि दाट पाण्यात उरणारी मोजमापे दर तीन महिन्यांनी जाहीर करण्याची अट घाला, आणि देयके तिच्याशी बांधा.

आपला,
एक मुंबईकर